अरुक्काणीअक्का गाडीची कुंडली बघते

"आवाज येतो का?"

"येतो, अक्का."

"कसला?"

"असाच... म्हणजे... येतो आवाज."

"आवाज माझ्या सासूचाही यायचा. म्हणून काय तिचा सेल्फ बिघडला होता? नीट सांग. किल्ली फिरवलीस की 'टक्', असा? का 'टक्टक्टक्टक्टक्', असा? का 'घर्र... घर्र... घऽऽर्र... हूं', असा? का 'घुईंऽऽ' करत नुसताच फिरतो, लग्नात पिऊन नाचणाऱ्या चुलत्यासारखा, कुणालाही न पकडता?"

मिशीवाला लॉरी ड्रायव्हर लाजून इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "तिसरा."

"तिसरा कसा? करून दाखव."

मग भर रस्त्यात तो मिशीवाला तोंडाचा चंबू करून घर्र घर्र करतो. अक्का डोळे मिटून ऐकते. "शेवटचं 'हूं' नाही म्हणालास."

"हूं," ड्रायव्हर म्हणतो.

"हां. बॅटरीचं पाणी बघितलं होतंस का कधी, का बॅटरीलाही उपास घडवतोस?"

मी गाड्यांचे सगळे आवाज काढते ते हिच्याकडूनच चोरलेत. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'बॅटरी उतरलेली लॉरी' केली तेव्हा पहिल्या रांगेतले निम्मे पालक हसले आणि निम्म्यांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. तिरुचेंगोडच आहे ते. इथं ज्याच्या घरी लॉरी नाही त्याच्या घरी बोअरची गाडी असते, आणि ज्याच्या घरी दोन्ही नाही तो गलाईवाला असतो. म्हणजे आम्ही. आजोबा विट्याकडून इथं सोनं गाळायला आले, तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आमच्या दुकानासमोर रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे अरुक्काणीअक्काचं पत्र्याचं शेड. बाबा म्हणतात, आमच्या भट्टीत सोनं वितळतं पण समोरच्या जिभेला काही होत नाही.

अक्काला तुम्ही एकदा बघितलं की विसरणार नाही. नाकात दोन्ही बाजूंना खडे, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, अंबाड्यावर गजरा आणि गजऱ्यात खोचलेला टेस्टर. नवरा टाउनबसवर कंडक्टर आहे. दिवसभर "पुढं सरका" ओरडून येतो आणि घरात एक शब्द बोलत नाही, कारण तिथं सरकायला जागाच नसते. अक्काचे वडील डायनॅमोची वायंडिंग करायचे. हिच्या हातात बाहुलीच्या आधी तांब्याची तार आली असं ती सांगते, आणि पुढं जोडते, "बाहुली आलीच नाही नंतर. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना खेळवते."

मग कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या. पूर्वी किल्ली फिरवली की वीज सरळ सेल्फकडे जायची. आता मध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो, कचेरीतल्या कारकुनासारखा. क्लच दाबलाय का? गिअर न्यूट्रलला आहे का? सगळे कागद बघणार आणि मग सेल्फला 'जा' म्हणणार. एक कागद कमी असेल तर नुसता बसून राहणार, का ते सांगणार नाही. त्याला बोलतं करायचं तर स्कॅनर लागतो. जाडजूड मोबाइलसारखा डबा, एक वायर, आणि ती वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात. अक्का तो कोइमतूरहून घेऊन आली तेव्हा आमचा रस्ता हसला होता. आता हाच रस्ता त्याला 'कुंडली' म्हणतो. "अक्काकडे जाऊन गाडीची कुंडली बघून घे," असं लोक एकमेकांना सांगतात, आणि अक्का खरंच ज्योतिष्यासारखी मांडी घालून सीटवर बसते. "बोल रे राजा," डब्याला म्हणते, "कोण त्रास देतंय हिला?"

एकदा अंड्यांची गाडी आली. डब्यावर लाल अक्षरात एवढ्या तक्रारी आल्या की वर सरकवता सरकवता अक्काचं बोट दमलं. हा सेन्सर मेला, तो सेन्सर मेला, ब्रेकचा कॉम्प्युटर बोलत नाही, मीटरचा बोलत नाही. मालक रडायलाच लागला. अक्का म्हणाली, "सगळं गाव एका रात्रीत आजारी पडलं तर घरोघरी वैद्य पाठवायचा नसतो. विहीर बघायची." आणि बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी हलवली तर ती हातातच आली. बोल्टखाली हिरवा गंज. घासला, आवळला, डब्यातल्या तक्रारी पुसल्या, किल्ली. घुर्रर्रूम. मालकानं तिला अंड्यांचा अख्खा ट्रे दिला. पुरट्टासी महिना होता, महिनाभर अक्काच्या घरात अंडं चालत नाही. ट्रे आमच्याकडे आला. आम्ही अक्काला मनापासून आशीर्वाद दिले.

ही झाली अक्का. आता आयुधपूजेची गोष्ट.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, पण इथं ती दिवाळीच्या वर. प्रत्येक पान्याला, प्रत्येक हातोडीला चंदन आणि कुंकू. चुरमुरे, फुटाणे, ऊस. रस्त्यात फोडलेले कोहळे, त्यावरून घसरणारी माणसं. आणि नियम एकच, पण पक्का: पूजेत ठेवलेल्या अवजाराला दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्याच दिवशी सरस्वतीपूजा, त्यामुळे पुस्तकांनाही तेच. वर्षातला हा एकच दिवस की अभ्यास केला तर आई रागावते. मी माझी सगळी पुस्तकं सकाळीच अक्काच्या शेडमध्ये सरस्वतीच्या फोटोपुढे नेऊन ठेवते, घरी चुकून एखादं उघडायला नको. त्या वर्षी चौरंगावर जागा नव्हती, म्हणून माझी पुस्तकं स्कॅनरवरच रचली. सगळ्यात वर गणित.

मी पुस्तकं रचण्याआधीच अक्कानं स्कॅनरच्या काचेवर चंदनाचा टिळा लावला, वर कुंकू, कापूर फिरवला आणि डब्याला म्हणाली, "झोप आता. तुला वर्षातून एक दिवस तरी सुट्टी. मला तीही नाही."

या बाबतीत ती फार कडक. एकदा आयुधपूजेच्या दुपारी कुणा मोठ्या माणसाची पांढरी गाडी तिच्या दारात बंद पडली. अक्कानं त्याला ऊस दिला, चुरमुरे दिले, खुर्ची दिली. स्कॅनर दिला नाही.

तर त्या वर्षी, आयुधपूजेच्या दुपारी, रस्त्याच्या टोकाच्या मैदानात तिच्या धाकट्या भावाच्या गाडीची पूजा होती. भावाचं नाव अर्धनारी, गावाच्या डोंगरावरच्या देवाचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोअरच्या गाड्या चालवल्या, राजस्थानपासून ओडिशापर्यंत भोकं पाडली, आणि आता पहिल्यांदा स्वतःची गाडी उभी केली. लॉरीच्या पाठीवर आडवा निजवलेला बोअरचा मनोरा, पिवळाधमक, बंपरला केळीचे खुंट, काचेवर झेंडूची माळ. अर्धनारी तिच्याकडे असा बघत होता की त्याची बायको म्हणाली, "आमच्या लग्नात मला असं नव्हतं बघितलंत."

पण गाडीपेक्षा जास्त तो सासऱ्याकडे बघत होता. सासरे चेन्नियप्पन, कडक इस्त्रीचं धोतर, आवाज भरल्या पिंपासारखा. लग्नात हा माणूस म्हणाला होता, "जावई दुसऱ्याचं स्टिअरिंग धरतो." ते वाक्य अर्धनारीच्या छातीत अजून होतं. म्हणून त्यानं सांगितलं होतं, माझ्या गाडीची पहिली बोअर तुमच्या शेतात, दसऱ्याच्या सकाळी. चेन्नियप्पननी मान हलवली होती, पण कशी, ते बघा. "बघू या," ते पूजेच्या वेळी सगळ्यांपुढे म्हणाले. "राहुकाल लागायच्या आत माझ्या शेतात गाडी चालू झाली तर तुझी. नाही तर हा माझा पुतण्या आहेच, त्याची गाडी तयार उभी आहे." पुतण्यानं शेजारी उभं राहून ऊस सोलला.

आणि सासूबाई. नल्लम्मा. लग्नाच्या मांडवात अक्काच्या शर्टाकडे बघून हिनंच विचारलं होतं, "माझ्या मुलीला नणंद मिळाली की गॅरेज?" अक्का तेव्हा हसली होती. हसली म्हणजे दात दाखवले होते. तेव्हापासून दोघी भेटल्या की मी वही-पेन नसल्याचं दुःख करते.

"काय गं अरुक्काणी, आजही शर्ट?"

"आज नवा आहे, अम्मा. तुमच्यासाठी."

"तू म्हणे गाड्यांचं भविष्य सांगतेस. आमच्या घरच्या बायका इडलीच्या पिठाला हात लावतात, वंगणाला नाही."

"पीठ आंबलं की तुम्हाला नाकानं कळतं ना, अम्मा? मला बॅटरी कळते. तुमचं पीठ आणि माझी बॅटरी, दोन्हीला नाक लागतं."

"मला आंबलेलं सगळंच कळतं," नल्लम्मा म्हणाली आणि चंदनाची वाटी घेऊन केबिनमध्ये चढली. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. "माझ्या लेकीचं घर चालवणारी गाडी. टिळा मीच लावणार." स्टिअरिंगला टिळा. गिअरला टिळा. आरशाला, मीटरला, पेडलना. मग समोरच्या फळीवरची बटणं. नव्या गाडीला बटणांची रांगच्या रांग. एकेका बटणाला तिनं अंगठ्यानं असं चंदन चोपडलं जसं अंघोळीनंतर पळणाऱ्या नातवाला धरून लावतात. दाबून. प्रत्येक दाबाला, "ॐ शक्ती. ॐ शक्ती."

चार कोपऱ्यांच्या टायरांखाली लिंबं ठेवली. पूजेनंतर गाडीनं लिंबं चिरडत पुढं जायचं, म्हणजे वाईट नजर फुटली. कोहळ्यावर कापूर पेटला. अर्धनारी अनवाणी केबिनमध्ये चढला, सगळ्यांना नमस्कार केला आणि किल्ली लावली.

एकदम चारी बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकायला लागले. केबिनचा दिवा लागला. धुक्यातले दिवे लागले. भर उन्हात गाडी लग्नाच्या मांडवासारखी पेटली. पोरं नाचायला लागली. "माझ्या हातचा गुण," नल्लम्मा म्हणाली. अर्धनारी हसत हसत जे जे लागलं होतं ते ते बंद करत गेला. मग त्यानं किल्ली पुढं फिरवली.

काही नाही.

मी अक्काकडे बघितलं. टक् नाही, टक्टक् नाही, घर्र नाही, घुईं नाही. तिच्या यादीत नसलेला आवाज. अर्धनारीनं पुन्हा फिरवली. क्लच पूर्ण दाबून, गिअर हलवून. काही नाही. कोहळ्यावरचा कापूर जळत जळत विझला, आणि कोहळा धरलेल्या माणसाला कळेना आता फोडू की खाली ठेवू.

"हॉर्न दे," अक्का म्हणाली.

हॉर्न असा वाजला की डोंगरावरची माकडं उठली असतील.

"बॅटरी ठणठणीत. बटणं बंद केलीस सगळी?"

"जी लागली होती ती सगळी, अक्का."

लोक आता कुजबुजायला लागले. आयुधपूजेला गाडी लिंबं ओलांडत नाही. हे असं कुणी मोठ्यानं बोलत नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना ऐकू येतं. चेन्नियप्पननी धोतर झटकलं. पुतण्यानं ऊस ठेवला आणि खिशातून पाना काढला.

"मी खालून सेल्फची दोन टोकं जोडतो. कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. एका ठिणगीत चालू."

"ए!" अक्का गाडी आणि तो यांच्यामध्ये उभी राहिली. वर लॉरीच्या पाठीवर, मनोऱ्याच्या कडेला, अर्ध्या रस्त्याची पोरं ऊस खात बसली होती. "गाडी नाही म्हणतेय. का म्हणतेय ते कळल्याशिवाय तिच्या तोंडात पाना घालायचा नाही."

"मग विचार ना तिला! आण तुझी कुंडली!"

सगळ्यांना माहीत होतं कुंडली कुठं आहे. चंदन लावून, कापूर फिरवून, माझ्या गणिताखाली.

मग जी चर्चा झाली ती मी अजून घरी करून दाखवते. चहावाला म्हणाला, "थांबा, थांबा. स्कॅनर हे आयुध आहे की पुस्तक? आधी ते ठरवा."

"हातात धरून काम करायचं म्हणजे आयुध," पुतण्या म्हणाला.

"पण त्याच्यावर वाचायचं असतं. म्हणजे पुस्तक."

"पुस्तक असेल तर सरस्वतीचं. तिला विचारून घेता येईल. शिकलेली बाई आहे, समजून घेईल."

"आणि आयुध असेल तर दुर्गेचं. तिला विचारायचं तुझ्यात धाडस आहे?"

"म्हणजे दोन्हीकडून बंद," चेन्नियप्पन म्हणाले. न्यायाधीशासारखे.

अर्धनारी खाली उतरला. "अक्का," तो हळूच म्हणाला, "तुझा फोनही पूजेत होता की. मग दुपारी मला फोन कसा केलास?"

"फोनला टिळा नव्हता लावला. नुसता शेजारी बसवला होता. पाहुणा म्हणून."

कुणी हसलं नाही, ती स्वतःही नाही. मी अक्काला पहिल्यांदाच असं बघितलं. ती शेडकडे चालत गेली, मी मागोमाग. चौरंगापुढे उभी राहिली. हात पुढे केला. हात गणिताच्या पुस्तकापाशी थांबला.

"काढू का मी पुस्तकं?" मी विचारलं.

"काढ. आणि काढलीसच तर आज बसून सोडव."

मी हात मागे घेतला. अक्कानंही. "शेटच्या पोरी," ती म्हणाली, "त्या पांढऱ्या गाडीवाल्याला मी नाही म्हटलं. केळीच्या गाडीवाल्याला नाही म्हटलं, त्याची केळी काळी पडली. आज माझ्या भावासाठी देवीला उठवलं तर मी त्यांना काय सांगितलं होतं मग? की देवी झोपते, पण माझ्या नातेवाइकांसाठी जागी असते?" मग ती बाहेर येऊन एवढ्या मोठ्यानं ओरडली की मैदानात ऐकू गेलं, "उद्या! उजाडायच्या आत पूजा, आणि उजाडता कुंडली! सासरेबुवा, राहुकाल उद्याचा म्हणालात ना? आजचा नाही ना?"

"उद्याचा," चेन्नियप्पन म्हणाले. "पण लागतो."

दसऱ्याच्या पहाटे अक्काच्या शेडपुढे अशी गर्दी होती जशी नवीन सिनेमाला. दिवा लावला, कापूर, फुलं. इथं दसऱ्याला पहिला धडा असतो: बालवाडीची पोरं तांदळाच्या परातीत बोटानं 'अ' गिरवतात, मोठ्यांनी आपापलं पुस्तक उघडून एक ओळ वाचायची, म्हणजे वर्षभर विद्या चालते. मी गणितातली एक ओळ वाचली, एकच. अक्कानं डबा उचलला, काचेवरचं वाळलेलं चंदन पदरानं पुसलं, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "माझा धडा तिकडं उभा आहे. चला."

ती केबिनमध्ये चढली, मांडी घातली, वायर खोचली. मी दुसऱ्या दाराच्या पायरीवर उभी, खिडकीतून नाक आत. खाली अर्धनारी, त्याच्या शेजारी घड्याळ बघणारे चेन्नियप्पन, आणि हळदकुंकवाचं ताट धरून नल्लम्मा. नल्लम्मा रात्रभर झोपली नव्हती असं तिच्या तोंडावरून दिसत होतं, आणि ते कुणाला दिसू नये अशी तिची धडपड होती.

"बोल रे राजा. कोण त्रास देतंय हिला?"

डबा थोडा वेळ फिरला आणि म्हणाला: दोष नाही.

"एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही."

"बघा!" पुतण्या खालून म्हणाला. "डब्याला काही कळत नाही."

"अरे गाढवा, ही तर मोठी बातमी आहे," अक्का म्हणाली. "आजार नाही. म्हणजे कारकून आजारी नाही, हट्टाला बसलाय. एखादा कागद अडलाय. आता कागद एकेक करून बघायचे." तिनं दुसरा पडदा उघडला, गाडी या क्षणी काय काय बघतेय त्याची यादी. "अर्धनारी, ये वर. क्लच दाब." यादीत क्लचपुढे 'नाही'चं 'हो' झालं. "सोड." 'नाही'. "क्लच खरं बोलतोय. गिअर हलव." न्यूट्रल, नाही, न्यूट्रल. "गिअरही सज्जन. किल्ली फिरव." किल्ली: हो. सेल्फला परवानगी: नाही. "आलं का लक्षात? किल्ली विचारतेय, कारकून नाही म्हणतोय." तिचं बोट खाली सरकत गेलं, सरकत गेलं, आणि थांबलं.

पीटीओ: चालू.

पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद चाकांऐवजी पाठीवरच्या बोअरच्या यंत्राला जोडणारं बटण. ते चालू असताना गाडी सेल्फ घेतच नाही, आणि बरंच आहे: घेतला असता तर काल पोरं ऊस खात बसली होती तिथं सगळं यंत्र जागं झालं असतं. अक्कानं एकदा वर मनोऱ्याकडे बघितलं, एकदा पुतण्याच्या खिशातल्या पान्याकडे. मग फळीवरच्या बटणांच्या रांगेकडे. सगळ्यांवर चंदनाचे गोळे, वर कुंकू. सगळी बटणं सारखी वर. एकच थोडं आत गेलेलं. आणि आत दिवा लागला असेल तरी दिसणार कसा? वर एवढं चंदन की एका लग्नाला पुरावं. त्या चंदनात अंगठ्याचा ठसा होता, स्वच्छ, टपाल तिकिटासारखा.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे बघितलं. खाली नल्लम्मा ताट घेऊन उभी.

अक्काच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून जमत नाही. आरशापुढे कितीदा करून बघितलंय. सूर्योदय आणि मांजर आणि दुधाचं पातेलं, तिन्ही एकदम. 'नणंद की गॅरेज.' मांडवातलं ते वाक्य इतकी वर्षं पोटात घेऊन फिरलेली बाई, आणि आज अख्खा रस्ता श्रोता, आणि पुरावा चंदनात उठलेला. तिनं तोंड उघडलं.

आणि तिची नजर अर्धनारीवर गेली. तो तिच्याकडे नव्हता बघत. सासऱ्याच्या घड्याळाकडे बघत होता.

अक्कानं तोंड मिटलं. मी शपथेवर सांगते, मिटताना आवाज आला.

"अम्मा," ती खिडकीतून म्हणाली, आणि आवाज असा गोड की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं, "जरा वर येता का?"

"मी? कशाला?"

"डबा म्हणतोय गाडीत दोष नाही. सगळं ठीक आहे. पण काल ज्या हातानं टिळा लागला, त्याच हाताचा आशीर्वाद बाकी आहे. तो घेतल्याशिवाय ती निघणार नाही म्हणते."

"असं डब्यावर लिहिलंय?"

"इंग्रजीत," अक्का म्हणाली.

नल्लम्मा ताट लेकीच्या हातात देऊन चढली. अक्कानं तिचा अंगठा धरला, आत गेलेल्या बटणावर ठेवला. "मनात देवीचं नाव घ्या. आता दाबा. जोरात. अजून जोरात, अम्मा, लेकीचा संसार आहे."

"ॐ शक्ती," नल्लम्मा म्हणाली.

खट्.

यादीत 'चालू'चं 'बंद' झालं. परवानगी: हो.

"फिरव रे."

घर्र, आणि लगेच घुडुडुडुडूम! केळीचे खुंट थरथरले, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, आणि ज्यानं काल कोहळा धरला होता त्यानं तो आता एवढ्या जोरात फोडला की चेन्नियप्पनच्या इस्त्रीच्या धोतरावर बिया. गाडी पुढं सरकली. फट्. फट्. फट्. चौथं लिंबू जरा बाजूला गेलं होतं, तर अर्धनारीनं गाडी मागे घेऊन मुद्दाम त्याच्यावरून नेली. फट्! नल्लम्मा केबिनमध्येच होती, दांडा घट्ट धरून, आणि राणीसारखी सगळ्यांना हात करत होती.

राहुकाल लागायच्या आत चेन्नियप्पनच्या शेतात मनोरा उभा राहिला. आधी पांढरी धूळ, मग राखाडी चिखल, मग बराच वेळ नुसताच खडक आणि सगळ्यांची तोंडं खडकासारखी. आणि मग पाणी, एकदम, ताडाच्या उंचीचं. पोरं त्याखाली, बायका त्याखाली, पुतण्याही त्याखाली. चेन्नियप्पन भिजलेल्या धोतरात जावयापाशी आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "स्टिअरिंग चांगलं धरतोस," म्हणाले. एवढंच. अर्धनारीला तेवढं पुरलं. तो पाण्याखाली जाऊन उभा राहिला, म्हणजे तोंड ओलं असण्याला कारण झालं.

नल्लम्मा मात्र त्या दिवसापासून थांबलेली नाही. आमच्या रस्त्यावर येते तेव्हा आधी तीच सांगते. मी तिचा आवाज काढून दाखवते, ऐका: "कॉम्प्युटरनं हात टेकले. मोठमोठे मेकॅनिक घाम पुसत उभे. मी नुसता अंगठा ठेवला आणि गाडी लेकरासारखी उठली! काय गं अरुक्काणी?"

"हो, अम्मा," अक्का म्हणते. "तुमच्या अंगठ्यात शक्ती आहेच. मी स्वतः बघितलीय."

आणि नल्लम्मा आता अक्काला शर्टावरून बोलत नाही. गेल्या पोंगलला तिनंच एक आणून दिला, निळा, दोन खिशांचा. "एकात टेस्टर ठेव," म्हणाली, "गजरा तुटतो."

पण मी अक्काला ओळखते. हिच्या पोटात गोष्ट म्हणजे मिक्सरमध्ये चमचा. नल्लम्माची पाठ वळली की ती रस्ता ओलांडून आमच्या दुकानात येते, भट्टीशेजारच्या स्टुलावर बसते, तोंडात पदर कोंबते आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. बाबा विचारतात काय झालं, तर हातानंच सांगते, काही नाही, काही नाही.

शेवटी मी तिला म्हटलं, "अक्का, मी लिहू का हे?"

तिनं तोंडातला पदर काढला, जरा विचार केला. "कुठल्या भाषेत?"

"माझ्या."

"ती अम्मा तुझी भाषा वाचते?"

"नाही."

"मग लिही," अक्का म्हणाली. "सगळं लिही. अंगठ्याचा ठसा नक्की लिही. आणि ऐक, शेटच्या पोरी, मी तोंड मिटलं तो आवाजही लिही. तो पुन्हा यायचा नाही."